अर्ध्या व्होल्टातला स्क्वेल्च

जुना व्हॉल्व्हचा रिसीव्हर २९.६ मेगाहर्ट्झवर लावून ठेवला, तर दिवसभरात कानी पडते ती बहुतेक खरखरच. कुणी आलं तर मिनिटभर बोलणं, एरवी तासन्‌तास सूं सूं. हँडी (हातातला सेट) घेऊन फिरणाऱ्या आजच्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, हा छळ माहीतच नसतो, कारण त्याच्या सेटात स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सर्किट, आधीपासून असतो. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच कम्युनिकेशन रिसीव्हरांत तो नव्हता. त्या सेटाचा मालक डायल फिरवत बॅंडभर हिंडायचा, एका फ्रिक्वेन्सीवर तळ ठोकून हाकेची वाट बघणं हे त्याचं काम नव्हतं. आता हाच सेट दोन मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झ) पट्ट्याला खाली उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमागे किंवा दहा मीटरवर (२८ मेगाहर्ट्झ) पहाऱ्याला बसवायचा, तर त्याला गप्प बसायला शिकवावं लागतं.

गप्प बसवणारा भाग सोपा आहे. आवाजाच्या वाटेत एक दार बसवायचं, झालं. दार कधी उघडायचं हे कुणाला विचारायचं, इथे खरी गोम आहे. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक सर्किटांचा सगळा जीव दाराच्या कारागिरीत असतो, आणि दाराला हुकूम देणारा व्होल्टेज ‘एव्हीसीवरून घ्या’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेला असतो; एव्हीसी म्हणजे सिग्नलच्या जोरानुसार सेटाची संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणारी व्यवस्था. माझ्या मते वेळ खर्च करायचा तो त्या दोन शब्दांवर.

समोर साधारण असा सेट धरू: ४५५ किलोहर्ट्झची आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी), तिथे दोन ६बीए६ व्हॉल्व्ह, डायोड डिटेक्टर, पहिल्या ऑडिओला ६एव्ही६ किंवा अर्धा १२एएक्स७, शेवटी ६एक्यू५, आणि एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उंच डीसी व्होल्टेज) अडीचशे व्होल्ट. सिग्नल जितका जोरकस तितकी एव्हीसीची लाईन जास्त उणे जाते. दहा मेगओहमच्या डिजिटल मीटरने मोजलं तर ठोकळमानाने असं चित्र दिसतं: अँटेना काढलेली असताना उणे अर्धा-पाऊण व्होल्ट, अँटेना लावून मोकळ्या जागी उणे एक, कान देऊन ऐकलं तर शब्द लागतील अशा दुबळ्या स्टेशनला उणे दीड, आणि दणदणीत सिग्नलला उणे सहा ते दहा. (लाईन स्वतः एक मेगओहममागे असल्याने मीटर खऱ्यापेक्षा नऊ-दहा टक्के कमीच दाखवतो, तेवढं लक्षात ठेवायचं.) दणदणीत सिग्नल ओळखायला अक्कल लागत नाही. स्क्वेल्चचं सगळं आयुष्य एक आणि दीड यांच्यामधल्या अर्ध्या व्होल्टात जातं. पुढचा प्रत्येक भाग निवडताना एकच प्रश्न विचारायचा, की हा भाग माझा अर्धा व्होल्ट खातो का?

पहिला खादाड सेटातच बसलेला असतो. एव्हीसीच्या लाईनवरचे ०.०५ किंवा ०.१ मायक्रोफॅराडचे जुने कागदी कॅपॅसिटर. मेणाचा लेप तडकलेला, आत ओल शिरलेली. असा एक जरी कॅपॅसिटर पाच मेगओहमने गळत असला तरी एक मेगओहमच्या लाईनवरचा सहावा हिस्सा जमिनीत गेला. साध्या मीटरवर तो ‘ठीक’ दिसतो, म्हणून मोजत न बसता सगळे बदलून टाकावेत, त्याच मूल्याचे ४०० व्होल्टचे पॉलिएस्टर लावून. डिटेक्टरपासून ऑडिओच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कॅपॅसिटरही त्याच फेरीत. मग सेट अर्धा तास तापू द्यायचा आणि लाईन पुन्हा मोजायची. थंड असताना उणे एक आणि तापल्यावर शून्याकडे सरकत असेल, तर एखादा ६बीए६ ग्रिडमधून प्रवाह सोडतोय. एकेक व्हॉल्व्ह बदलून चोर सापडतो. ही मशागत न करता स्क्वेल्च बसवणारे लोक नंतर नॉबला दोष देत बसतात.

काही सेटांत एव्हीसी मुद्दाम उशिरा सुरू होईल अशी बांधलेली असते, दुबळ्या सिग्नलवर लाईन शून्यच राहावी म्हणून. तिथे आपल्या कामाचा अर्धा व्होल्ट जन्मालाच येत नाही. अशा वेळी शेवटच्या आयएफच्या प्लेटवरून ४७ पिकोफॅराडने सिग्नल घेऊन स्वतंत्र डायोड लावावा, आणि मग आयएफच्या कॅनची ट्यूनिंग पुन्हा करावी, कारण ते वाढीव पिकोफॅराड ती थोडी हलवतातच.

आता सर्किट. व्हॉल्व्हचाच स्क्वेल्च हवा असा काहींचा आग्रह असतो आणि तो मला कळतो. पण ६एयू६ व्हॉल्व्ह स्क्रीन ग्रिडला १०० व्होल्ट दिल्यावर पूर्ण बंद व्हायला साधारण उणे चार व्होल्ट मागतो. आपल्याकडे अर्धा. स्क्रीन तीसेक व्होल्टांवर उतरवली की तो बराच चटकन बंद होतो, तरी अधल्यामधल्या अवस्थेत आवाज चिरकतो. शिवाय त्यासाठी चेसिसला नवं भोक पाडायचं हे मला पटत नाही. साठ वर्षं टिकलेल्या पत्र्याला आपल्या हौसेपायी भोक पाडू नये. दोन आयसी, एक एलईडी आणि एक एलडीआर (उजेड पडला की रोध कमी होणारा रोधक) एवढ्यात काम होतं, आणि उद्या काढून टाकलं तर सेट होता तसा.

पहिला आयसी सीए ३१४० हा ऑप-अँप. एव्हीसीच्या लाईनपासून १० मेगओहम त्याच्या इन्व्हर्टिंग (उणे) पिनला म्हणजे २ नंबरला, ६ नंबरच्या आउटपुटपासून परत २ ला आणखी १० मेगओहम, त्यावर समांतर १ नॅनोफॅराड, आणि ३ नंबरची पिन थेट जमिनीला. उणे एक व्होल्ट आत गेला की अधिक एक बाहेर येतो. नॅनोफॅराडमुळे दहा मिलिसेकंदांची गाळणी मिळते आणि ४५५ ची चुकार घुसखोरी थांबते. २ नंबरवरून जमिनीला एक १एन४१४८ लावायचा, ॲनोड जमिनीकडे. लांब तारेची अँटेना आणि गावातलं मीडियम वेव्ह स्टेशन जुळलं तर लाईन उणे पंधराही जाते, तेव्हा पिन जमिनीखाली ओढली जाऊ नये म्हणून. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचा १५६६ किलोहर्ट्झवरचा १००० किलोवॅटचा प्रक्षेपक १९८८ पासून ज्या गावाचा शेजारी होता, त्या नागपुरात हा डायोड चुकवू नये.

इथे दुकानदार हमखास म्हणतो, ‘३१४० नाही, टीएल ०७१ घेऊन जा, एकच आहे.’ एक नाही. टीएल ०७१ च्या इनपुटला उणे पुरवठ्यापासून काही व्होल्ट वर असावं लागतं. आपली पिन जमिनीवर आणि पुरवठाही जमिनीपासूनच, त्यामुळे त्याचं आउटपुट वाट्टेल तिथे जाऊन बसतं. त्यावर कुणी तोडगा काढतो, की ३ नंबर जमिनीऐवजी साडेचार व्होल्टांवर ठेवू. मग १० मेगओहममधून उलटा प्रवाह एव्हीसीच्या लाईनमध्ये शिरतो, जवळपास अर्धा मायक्रोअँपिअर, आणि एक मेगओहमवर त्याचा होतो जवळपास अर्धा व्होल्ट. नेमका आपलाच. एलएम ३५८ इथे लावला तर इनपुटचा प्रवाह वीस ते पंचेचाळीस नॅनोअँपिअर, १० मेगओहमवर ०.२ ते ०.४५ व्होल्टची चूक, आणि तीही तापमानाबरोबर हलणारी. ३१४० चा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरांत असतो आणि त्याला जमिनीवरची पिन चालते, म्हणून तोच. नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत नाही मिळाला तर मागवून घ्यावा, चार दिवस थांबावं.

दुसरा आयसी एलएम ३५८, तुलना करायला. इथे तो चालतो, कारण आता रोधक छोटे आहेत. ३१४० चं आउटपुट १० किलोओहममधून अधिक पिनला, आउटपुटवरून त्याच पिनला ३३० किलोओहम, आणि उणे पिनला नॉबचा वायपर. नॉब १० किलोओहमचा लिनियर, खालचं टोक जमिनीला, वरच्या टोकाला आणखी १० किलोओहम आणि मग ९ व्होल्ट. म्हणजे शून्य ते साडेचार व्होल्टपर्यंत उंबरठा हलवता येतो. ३३० किलोओहममुळे उघडण्याचा आणि मिटण्याचा बिंदू साधारण ०.२ व्होल्टने वेगळे राहतात. हा रोधक गाळला तर दुबळ्या सिग्नलवर दार फडफडतं. तो १०० किलोओहमवर आणला तर फरक पाऊण व्होल्टच्या जवळ जातो, आणि एकदा उघडलेलं दार सिग्नल गेल्यावरही मिटत नाही. ३५८ चा उरलेला अर्धा भाग अधांतरी सोडू नये. त्याचं आउटपुट स्वतःच्या उणे पिनला जोडावं आणि अधिक पिन जमिनीला.

तुलनेचं आउटपुट १एन४१४८ आणि १ किलोओहममधून ४.७ मायक्रोफॅराड भरतं, आणि तो कॅपॅसिटर २एन७००० या मॉसफेटच्या गेटला जोडलेला. समांतर १०० किलोओहम लावला तर सिग्नल गेल्यावर दार साधारण अर्धा सेकंद उघडं राहतं, ४७० किलोओहम लावला तर अडीच सेकंद. ‘साधारण’ म्हणायचं कारण, २एन७००० नगानगाला वेगळा निघतो, कुणी एका व्होल्टला चालू होतो तर कुणी तीनला. दोन्ही रोधक छोट्या टॉगल स्विचवर ठेवावेत. एफएम आणि एएमला छोटा, सिंगल साईडबॅंडला (वाहक लहर न पाठवणारं प्रसारण) मोठा. ड्रेनला ६८० ओहम आणि हिरवा एलईडी.

एलईडी हिरवा का, तर कॅडमियम सल्फाइडच्या एलडीआरला हिरव्या उजेडाची समज सगळ्यात चांगली. दोघांना तोंडाला तोंड लावून काळ्या हीटश्रिंकमध्ये बंद करायचं, एकावर एक दोन थर, आणि दोन्ही टोकं काळ्या टेपने गच्च. पातळ हीटश्रिंकमधून उजेड झिरपतो. चेसिसखाली अंधार आहे असं आपण समजतो, पण डायलचा दिवा फटीतून आत डोकावत असतो, आणि मग स्क्वेल्च बंद असतानाही पुटपुट ऐकू येते. एलडीआर जीएल ५५४९ घ्यावा, अंधारात त्याचा रोध १० मेगओहमपर्यंत चढतो. ५५२८ सगळीकडे मिळतो, पण तो एक मेगओहमवरच अडतो.

व्हॉल्यूमच्या वायपरवरून ऑडिओच्या कपलिंग कॅपॅसिटरकडे जाणारी तार सोडवायची, मधे एलडीआर घालायचा आणि त्याच्या पलीकडच्या टोकावरून जमिनीला १०० किलोओहम. एलईडी पेटलेला असताना एलडीआर काही शे ओहमचा, आवाज सरळ जातो. विझल्यावर १० मेगओहम आणि १०० किलोओहमचा विभाजक उरतो, म्हणजे ४० डेसिबल खाली. एलडीआर उजेडात चटकन जागा होतो आणि अंधारात सावकाश झोपतो. एरवी हा त्याचा दुर्गुण समजतात, इथे तोच उपयोगी पडतो. दार झटक्यात उघडतं, आणि मिटताना खरखर सेकंद-दोन सेकंदांत विरत जाते, खटका नाही. रिले लावली तर हे सुख नाही. १०० किलोओहमच्या भारामुळे व्हॉल्यूम मध्यावर असताना सात-एक डेसिबल जातात. सेटाला ऑडिओची तूट असेल तर २२० किलोओहम लावावा, तेव्हा गप्पपणा थोडा उणा होईल.

वायपरवर डीसी नाही ना, हे सोल्डर मारण्याआधी मोजायचं. काही सेटांत व्हॉल्यूमचा पॉट हाच डिटेक्टरचा लोड असतो आणि त्यावर सिग्नलसोबत उणे डीसी येतो. तसं असेल तर प्रत्येक उघडझापीला स्पीकर ‘धप्’ करतो. पॉटच्या आधी ०.०४७ मायक्रोफॅराड घालून डीसी अडवायचा, आणि डिटेक्टरला त्याचा लोड म्हणून ४७० किलोओहम वेगळा द्यायचा.

एलडीआरची जोडी व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीला चिकटून असावी आणि बाकीची पाटी (सर्किट बोर्ड) कुठेही. एलईडीच्या तारा लांब झाल्या तरी बिघडत नाही, ग्रिडकडची तार चार बोटं लांबली तरी ५० हर्ट्झची घरघर घेऊन येते. दाराला समांतर एक स्विच हवाच, आयसी मेला तरी सेट बोलता राहावा म्हणून. भोक पाडायचं नाही, तर स्क्वेल्चचा पॉट आणि दोन्ही स्विच छोट्या डबीत घालून मागच्या ॲक्सेसरी सॉकेटवर आणावेत. मात्र एलडीआर ओलांडणारी तार डबीपर्यंत नेऊ नये. डबीतल्या स्विचने २एन७००० चे ड्रेन आणि सोर्स जोडावेत, एलईडी कायम पेटतो आणि काम भागतं. पुरवठाच गेला तर तेवढ्यापुरता एक जंपर चेसिसखाली ठेवावा.

पुरवठा ६.३ व्होल्टच्या हीटरवरून. हीटरचं एक टोक जमिनीला असेल तर ४७० मायक्रोफॅराड ३५ व्होल्टचे दोन कॅपॅसिटर आणि दोन १एन४००७ यांचा डब्लर पंधरा व्होल्टच्या आसपास देतो, पुढे ७८एल०९. सगळा खर्च वीस मिलिअँपिअरच्या आत. हीटरचा मध्यबिंदू जमिनीला असेल तर एका टोकावर फक्त ३.१५ व्होल्ट मिळतात आणि हे जमत नाही, तिथे ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर वेगळा द्यावा. कॅपॅसिटर १०५ अंशांचेच घ्यावेत. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) खोलीतच चाळीसच्या वर असतं आणि चेसिसखाली त्यात आणखी पंचवीस-तीसची भर पडते. ८५ अंशांचा माल तिथे दोन उन्हाळे काढील, पण मग आटेल.

काम सुरू करण्याआधी प्लग भिंतीतून बाहेर, आणि एचटीचे फिल्टर कॅपॅसिटर १० किलोओहम ५ वॅटच्या रोधकातून रिकामे. मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. ज्या घरगुती रेडिओत ट्रान्सफॉर्मरच नाही आणि चेसिस थेट मेनला जोडलेली असते, त्याच्या वाटेला जाऊच नये.

पाटी चालली म्हणजे संपलं असं नाही. जुलैत ती बिघडल्यासारखी वाटते. १० मेगओहमच्या जोडावर फ्लक्सचा चिकटा राहिला असेल, तर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि शेजारच्या ९ व्होल्टच्या पट्टीवरून गळती सुरू होते. मे महिन्यात जागेवर असलेला उंबरठा तेव्हा सरकलेला दिसतो. आयसोप्रोपिलने ब्रशने घासून धुवायची, पूर्ण वाळवायची, मग लॅकर. त्याहून बरं म्हणजे २ नंबरची पिन पाटीवर टेकवायचीच नाही, वाकवून हवेत ठेवायची आणि दोन्ही १० मेगओहम, नॅनोफॅराड आणि डायोड तिथेच अधांतरी जोडायचे. दिसायला गबाळं, पण गळत नाही.

दुसरी तक्रार असते पहिलं अक्षर गिळलं जाण्याची. ‘सीक्यू’ या हाकेतला ‘सी’ जातो. दोष बहुधा स्क्वेल्चला लावतात, पण आपली सगळी साखळी दहा-पंधरा मिलिसेकंदांत हलते. एव्हीसीची लाईन मात्र एक मेगओहम आणि ०.१ मायक्रोफॅराड यांच्यावर दहावा भाग सेकंद घेते. जोरकस सिग्नल उंबरठा लवकर ओलांडतो, दुबळ्याला जास्त वेळ लागतो. तो कॅपॅसिटर ०.०४७ केला तर फरक पडतो, फार खाली आणला तर एएमच्या आवाजातला खर्ज एव्हीसीच खाऊन टाकते.

सिंगल साईडबॅंडवर वेगळीच अडचण. अनेक जुन्या सेटांत बीएफओ (साईडबॅंड ऐकता यावा म्हणून सेटातच वाहक लहर पुरवणारा ऑसिलेटर) चालू करणारा स्विच एव्हीसी बंद करतो, लाईन जमिनीला. मग स्क्वेल्च कधीच उघडणार नाही, सर्किट कितीही बरोबर असो. याच्या उलट, एव्हीसी चालू राहणाऱ्या सेटात बीएफओचा स्वतःचाच गळका सिग्नल डिटेक्टरवर दीड-दोन व्होल्ट उभे करतो आणि दार कायम उघडं. बीएफओचं इंजेक्शन कमी करून, त्याची तार शिल्ड करून थोडं साधतं. तरी चाळीस मीटरवर सकाळच्या गप्पांना हा स्क्वेल्च लावू नये असंच मी म्हणेन. तिथे वाहक लहर नसते, खरखर मोठी असते, आणि दुबळा माणूस नेमका त्या खरखरीतच बसलेला असतो.

खरखर तरी कुठे एका जागी बसते? डिसेंबरच्या पहाटे दहा मीटर शांत असतो, नॉब उणे एकच्या जरा पुढे ठेवला तरी पुरतं. मेच्या दुपारी घरोघरी कूलर चालू होतात. कूलरची मोटर बिचारी निरुपद्रवी, तिच्यावर लावलेला ट्रायॅकचा गोल रेग्युलेटर सेकंदाला शंभर ठिणग्यांसारखे झटके मारतो. एव्हीसी त्यांची सरासरी काढून लाईन कायमची खाली नेते, आणि स्क्वेल्चच्या लेखी तो सिग्नलच. नॉब वर चढवला की खरखर जाते, सोबत दुबळी स्टेशनंही जातात. निदान आपल्या घरातले रेग्युलेटर कॅपॅसिटरच्या पायऱ्यांवाले घ्यावेत, त्यांत ट्रायॅक नसतो. शेजाऱ्याच्या गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर दिवसा त्रास देतो आणि सूर्यास्ताला थांबतो. वळवाच्या विजा मात्र कुणाच्याच हातात नाहीत. प्रत्येक कडाडण्याला दार उघडतं आणि अर्धा सेकंद थांबून मिटतं. तुलनेच्या आउटपुटपुढचा १ किलोओहम २२ किलोओहम केला तर तीसेक मिलिसेकंदांपेक्षा छोटे झटके निसटतात, पण एव्हीसी लाईनच झटका लांबवत असल्याने पूर्ण सुटका होत नाही. तसंही वीज जवळ आली की अँटेना उपसून ठेवायची असते.

नॉब लावताना आधी तो शून्यावर आणायचा, म्हणजे दार उघडं. फ्रिक्वेन्सी मोकळी असल्याची खात्री करायची, आरएफ गेन पूर्ण वर. मग खरखर थांबेपर्यंत नॉब वाढवायचा, आणि त्याच्यापुढे अगदी केसभर. त्याहून जास्त नाही. आरएफ गेनला नंतर हात लावला तर सगळं पुन्हा करायचं, कारण काही सेटांत तो नॉब एव्हीसीच्या लाईनवरच उणे व्होल्टेज चढवतो. तपासायला १० मेगाहर्ट्झवरचं चीनचं बीपीएम वेळेचं स्टेशन बरं. संध्याकाळी ते वरखाली होत राहतं. ते बुडताना दार किती लवकर मिटतं आणि वर येताना किती उशिरा उघडतं, हे ऐकून ३३० किलोओहम ठेवायचा की २२० करायचा ते ठरतं. दोन मीटरसाठी ११६ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरचा कन्व्हर्टर असेल, तर १४४ ते १४६ चा पट्टा २८ ते ३० वर उतरतो. एएमचा सेट एफएम ऐकण्यासाठी किंचित बाजूला ट्यून करावा लागतो, आणि बाजूला गेलं की एव्हीसी उतरते. म्हणून तिथे उंबरठा मधोमध ट्यून करून ठरवू नये. आवाज जिथे स्वच्छ येतो त्या जागेवर डायल ठेवून, मगच नॉबला हात लावावा.